लाल रेषांचा बंदोबस्त

माणसाला काम शिकवायचं नाही, नुसता हुकूम सोडायचा, आणि घोटाळा झाला की त्यालाच खुळा ठरवून हसायचं. हे कोण करतं ते ज्याचं त्याला ठाऊक आहे.

तर कुसळवाडीत एक केरबा होता. भोळा, पण सांगितलेलं ऐकणारा. ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर बसायचा. गावच्या विहिरीवरचा पंप त्या कॉम्प्युटरमधल्या प्रोग्रामवर चालायचा. ऐन वैशाखात प्रोग्राम बिघडला आणि नळ कोरडे पडले.

तालुक्याच्या ऑफिसातून कॉम्प्युटरचं काम बघणाऱ्या रेवतीमॅडमचा फोन आला. "प्रोग्राम ज्यात लिहितात तो एडिटर उघड. त्याला प्रोग्रामची भाषा कळत नाहीये. त्या भाषेचं एक्स्टेन्शन, म्हणजे जोडायची पुरवणी, टाक, मग तो चुका दाखवेल."

"कुठलं टाकू?"

"लागेल ते टाक रे. मला मीटिंग आहे."

काय लागेल हे कुणी सांगावं? केरबानं यादीतली सगळी टाकली. कॉम्प्युटर धापा टाकू लागला.

"अरे, नको ती काढ," मॅडम वैतागल्या. "गरजेपुरतंच ठेवावं."

केरबाला पटलं. त्यानं एकच ठेवलं, नशिबानं नेमकं लागणारं. घरी जाऊन बघतो तर नळाला पाणी नाही आणि फळीवर हंडेच हंडे. त्यानं सगळे भंगारात घातले.

आई म्हणाली, "पाणी आल्यावर ओंजळीनं भरू का रे?"

"तेव्हाचं तेव्हा बघू. नको ते ठेवलं की सगळं बंद पडतं, आई."

दुसऱ्या दिवशी एडिटरला भाषा कळली. ओळीओळीखाली चुकांच्या लाल रेषा उमटल्या.

"मॅडम, लाल रेषा आल्यात."

"मग घालव त्या. साहेबांना दाखवायचंय. लाल काही दिसता कामा नये."

केरबानं इकडे तिकडे दाबून पाहिलं. कोपऱ्यात भाषेचं नाव होतं. तिथं त्यानं 'साधा मजकूर' निवडलं. एडिटरला वाटलं, हे कुणाचं तरी खुशालीचं पत्र आहे. त्यानं चुका काढणं सोडलं. रेषा गेल्या.

"गेलं लाल?"

"गेलं."

"बघ, जमतं की तुला."

पंप काही हलला नाही. पण स्क्रीनचा फोटो साहेबांकडे गेला, साहेब खूश झाले, आणि तालुक्याचा टंचाईचा नकाशा केरबाच्या हाती आला. ज्या गावाला पाणी नाही ते गाव नकाशात लाल. लाल गावाला टँकर.

केरबानं नकाशा उघडला. कुसळवाडी लालभडक. त्याला शरम वाटली. आपल्याच गावावर लाल? गावाच्या नावापुढे 'वस्तीचे गाव' असं लिहिलं होतं. त्यावर दाबलं तर खाली दुसरा शब्द आला, 'बेचिराख', म्हणजे ओसाड. त्यानं तो निवडला. माणसंच नाहीत तर टंचाई कुणाला? लाल गेलं. केरबानं समाधानानं कॉम्प्युटर बंद केला.

तोवर टँकर वेशीपर्यंत आला होता. ड्रायव्हरचा फोन वाजला. त्यानं ऐकून घेतलं आणि गाडी मागे घेऊ लागला. केरबाची आई टँकरला आडवी झाली. मागे सगळं गाव.

"बाबा, पाणी न देता निघालास कुठं?"

ड्रायव्हरनं खिडकीतून मान बाहेर काढली.

"मावशी, या गावात कुणी राहत नाही असं ऑफिसातून कळवलंय. तेवढं बाजूला सरका सगळे, गाडी वळवायचीय."