निळ्या रेघेवरचा उजेड

दोन डोंगरांच्या बेचक्यात सावलवाडी नावाची वाडी होती. सूर्य तिथे पाहुण्यासारखा यायचा, घटकाभर टेकायचा आणि निघायचा. त्या वाडीत बकुळा तिच्या आईबरोबर राहायची. आई गोधड्या शिवायची. अंधुक घरात शिवून शिवून तिचे डोळे अधू झाले होते. सुईत दोरा ओवायचा तर बकुळाला हाक मारावी लागे.

बकुळाचं गावच्या शाळेतलं शिक्षण संपलं होतं. पुढची विद्या डोंगरापलीकडच्या ताराशाळेत मिळायची. वर्षभर वाचायला लागेल तेवढा उजेड ज्याचा त्यानं न्यायचा, अशी तिथली रीत होती. सुखवस्तू घरांतली मुलं हंडे भरभरून न्यायची. बकुळाच्या घरी चुलीत होता तेवढाच उजेड, आणि त्यावर भाकरी भाजायची असे.

म्हणून ती रानातल्या परीच्या बागेत गेली. तिथे इवल्या इवल्या कळ्यांत उजेड भरलेला होता. केशरी, मोरपंखी, दुधाळ, गुलाबी. चिमुकली सोनेरी फुलपाखरं त्यावर नाचत होती. परी वीतभर उंचीची होती, आणि तिचे झुळझुळीत पंख चमचमत होते.

"एकदाच माग," परी म्हणाली.

"मला शिकायला उजेड हवा आहे, परीताई."

परीनं कळ्या हळूच उघडल्या आणि काचेच्या बरणीत थेंब थेंब उजेड धरला. बरणीवर एक निळी रेघ होती. उजेड बरोबर तिथवर आला.

"तुला वर्षभर लागेल तो एवढाच," परी म्हणाली. "आणखी कुणी दिला तर नको म्हणू नकोस. पण रेघेच्या वर गेला, तर वरचा मला परत आणून द्यायचा."

"आणि नाही आणला तर?"

"तर मला कळणार नाही. मी परी आहे, पहारेकरी नाही."

बकुळा घरी आली. आता वाडीत कुणाचं भलं झालं, की ते झाकून राहत नाही. कुंभारकाकांनी साठवलेला काजव्यांचा उजेड आणून बरणीत ओतला. ताराशाळेच्या बाईंनी हुशार मुलगी म्हणून एक मोठी पळी उजेड पाठवला. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन, तसं झालं. उजेड रेघेच्या वर चढला आणि बरणीच्या तोंडाशी येऊन लुकलुकू लागला.

त्या संध्याकाळी बरणी कोनाड्यात होती. आईनं दोरा ओठांत ओला केला आणि पहिल्याच खेपेला सुईत ओवला.

"अगं बाई, हा लाल आहे होय?" ती हसली. "मी आपली तपकिरी समजून शिवतेय."

बकुळानं आईला असं हसताना बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. रेघेवरचा उजेड तिनं पितळी तांब्यात काढला आणि तांब्या कोनाड्यात ठेवला. आईला ठेवला तर ती चोरी थोडीच, असं तिनं स्वतःला सांगितलं. स्वतःला पटवणं फार सोपं असतं.

"हा तुझ्या वाटणीचाच ना गं?" आईनं विचारलं.

"हो," बकुळा म्हणाली, आणि बरणीचं तोंड फडक्यानं बांधू लागली.

दुसऱ्या दिवशी ती बरणी घेऊन निघाली. वाट बागेवरूनच जायची. बागेच्या दाराशी एक मुलगी रिकामी बरणी मांडीवर घेऊन बसली होती. वरच्या पाड्यावरची गोदू होती ती.

"तू पण ताराशाळेला?" बकुळानं विचारलं.

"जायचं होतं. पण औंदाच्या कळ्या सरल्या म्हणं. कुणी उजेड माघारी आणला, तर मला मिळंल."

"आणतं का कुणी?"

"अजून तरी न्हाई," गोदू म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तिनं फडक्यानं बरणी पुन्हा पुसली.

बकुळा पुढे गेली. थोडी गेली आणि थांबली. मग आल्या वाटेनं घरी परतली आणि आईला सगळं सांगून टाकलं. आईच्या हातात सुई होती, अर्धी शिवलेली गोधडी पायांवर होती.

"एवढा टाका घालते," ती म्हणाली. टाका घालून तिनं दोरा दातानं तोडला आणि तांब्या उचलून लेकीच्या हातात दिला. घर होतं तसं अंधुक झालं.

बागेत परीनं तांब्यातला उजेड गोदूच्या बरणीत ओतला. तो रेघेपर्यंत आला. गोदूनं बरणी पोटाशी धरली.

"उशीर केलास," परी बकुळाला म्हणाली.

"आईसाठी ठेवला होता. तिला दिसत नाही."

"मग तिच्यासाठी मागायचं होतंस."

"एकदाच मागायचं, असं तूच म्हणालीस."

"तू एकदाच. आईनं कुठे मागितलंय? शिवणाऱ्या हातांच्या कळ्या निराळ्या असतात. त्या शिकणाऱ्यांना देता येत नाहीत, आणि शिकणाऱ्यांच्या त्यांना." परीनं पानांआडचा एक लहानसा ताटवा दाखवला. तो शेंदरी कळ्यांनी गच्च भरला होता. "जो परत आणतो, त्यालाच हा दाखवायचा. हाही नियमच आहे."

बकुळाचे डोळे भरून आले. परीनं पंख झटकले, झाडाझाडांवर रुपेरी, सोनेरी कण उडाले, आणि त्या झगमगाटात ती दिसेनाशी झाली. गवतावर एक नवी बरणी तेवत होती.

गोदूला घेऊन बकुळा घरी आली आणि ती बरणी तिनं आईच्या हातात दिली. आईनं डोळ्यांजवळ नेली, थोडी लांब धरली, मग आणखी लांब.

"हिच्यावर रेघ आहे गं," आई म्हणाली. "निळी."

बाहेर गोदू वाट पाहत उभी होती. दोघी मिळून डोंगराच्या वाटेला लागल्या.