आतून

"...मग यातली बरोबर पद्धत कुठली, बाबा?"

विचारणारे होते डॉक्टर मिरजगावकर. जगभरच्या अंत्यविधींवर त्यांचा जाडजूड ग्रंथ होता. मिसरच्या राजांच्या एकात एक ठेवलेल्या शवपेट्या, घरातल्या जमिनीखाली रांजणात पुरलेली तान्ही मुलं, बसवून दिलेली समाधी... तासभर तेच बोलत होते.

गफूरशहा फकीर सीना नदीकाठच्या कबरस्तानात राहत. कबरी खणण्यात त्यांचा जन्म गेला होता. आजची कबर खणून झाली होती. तिच्या काठावर बसून ते मृतदेहावर आडव्या टाकायच्या फळ्या जुळवत होते.

"संशोधनासाठी दोनशे कबरी उकरल्यात मी," डॉक्टर म्हणाले. "भीती अशी उरलीच नाही."

"मग एक काम करा, साहेब. जरा आत आडवे व्हा. फळ्या बसतात का बघतो. ज्या बाईंसाठी ही कबर आहे, त्यांची उंची तुमच्याएवढीच होती."

डॉक्टर हसले. चष्मा काढून ठेवला आणि उतरले.

पाठीला माती गार लागली. पहिली फळी पायांवर आली, मग दुसरी. छातीवरचा उजेड गेला. शेवटची फळी बसली.

"बाबा, झालं?"

...

"बाबा?"

पावलं लांब जात होती.

स्वतःचाच श्वास फळीला लागून तोंडावर परतत होता. कानात माती झरली. डोळे उघडे आहेत की मिटलेले, कळेना. ग्रंथातलं काहीतरी आठवावं म्हणून त्यांनी धडपड केली. एकही ओळ आठवेना. मग ते ओरडले. मुठींनी फळ्या बडवत, लहान मुलासारखे ओरडले.

फळी सरकली. वर गफूरशहा उभे होते.

"कुठे गेला होतात?"

"खोरं आणायला."

डॉक्टर बाहेर येऊन मातीच्या ढिगावर बसले. चष्मा घालायला जमेना.

तेवढ्यात जनाजा आला. दस्तगीर कलईवाल्याची बायको, हाजराबी. नमाज झाली, तिला खाली ठेवलं. फळ्या लावायला सुरुवात झाली. शेवटची फळी मात्र दस्तगीरनं छातीशी धरली. सोडेना.

"चल रे," भाऊ म्हणाला. "उशीर होतोय."

"बाबा..." दस्तगीर गफूरशहांकडे वळला. "हिला अंधाराचं लई भ्या. बेचाळीस वर्षं घरातला कंदील विझवू दिला नाही. आता आत... कसं वाटंल हो तिला?"



गफूरशहांनी डॉक्टरांकडे बोट केलं. डॉक्टर उठून दोन पावलं मागं सरले.

"मला नको विचारू, दस्तगीर. मी जन्मभर बाहेरच उभा राहिलो. हे साहेब आत जाऊन आलेत."