शिशाचे खडे आणि शेजारची मावशी

फार फार दूर, जिथे सगळा बर्फच बर्फ, तिथल्या एका किनाऱ्यावर पेंग्विनांची वस्ती होती. त्यांची घरटी खड्यांची. उन्हाळ्यात बर्फ वितळला की पाणी सुटायचं. ज्याचं घरटं उंच, त्याचंच अंडं कोरडं. म्हणून एकेका खड्याला केवढा मान! एखाददुसरा खडा ते गिळायचेही. जड पोटाने बुडी खोल जाते म्हणे.

वस्तीत एक नवं जोडपं होतं. पहिलंच अंडं. नवऱ्याला लांबच्या ओसाड झोपडीपाशी, माणसं टाकून गेलेल्या फुटक्या पेटीत, करडे चकचकीत खडे सापडले. शिशाचे. लहान, पण भलते जड. ते रचून त्याने घरटं उंच सजवलं आणि चार गिळलेही. बायकोची मान अशी काही ताठ झाली, की विचारू नका.

शेजारी एक मावशी होती. तिला सगळ्यांच्या घरट्यात डोकवायची खोड.

"काय गं, आज मासा कुठला? आणि नवरा पाय असा का टाकतो?"

"मावशी, तुम्ही तुमचं घरटं बघा की!"

"बघते गं बाई. पण खडे गिळल्यापासून त्याचे पंख लोंबतायत. गेल्या साली त्याच पेटीतले खडे गिळून एक पक्षी माझ्या डोळ्यांदेखत वाळत गेला. विष आहे ते."

'जळते मेली,' बायको मनात म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नवरा अंड्यावर बसायला आला आणि बसता बसता कलंडला. अंडं घरंगळलं ते थेट बर्फावर! बायको किंचाळेपर्यंत मावशीने ते चोचीने आपल्या पायांवर ओढून पोटाखाली घेतलंसुद्धा.

"आधी त्याला ओकायला लाव!"

एकेक करून चारही खडे बाहेर पडले. बायको ते समुद्रात फेकायला धावली.

"अगं वेडे! समुद्रात टाकलंस तर मासे खातील, आणि मासे कोण खातं?"

मग दुसऱ्या एका शेजारणीला अंड्यावर बसवून दोघींनी शिशाचे सगळे खडे पेटीत नेऊन टाकले, वर दगड रचले. पण आता घरटं सपाट झालं, पाणी तर जवळ आलेलं. बायको रडवेली झाली. मावशीने आपल्या घरट्यातले सात खडे आणून ठेवले. ते बघून बाकीच्यांनीही एकेक आणला.

नवरा हळूहळू सावरला. पिल्लू बाहेर आलं, गुबगुबीत. बायकोने किनाऱ्यावरचा सगळ्यात गुळगुळीत खडा शोधला आणि मावशीच्या पायाशी ठेवला.

"राहू दे गं. आधी सांग, पिल्लाला मासा कुठला भरवलास?"

या वेळी बायको मावशीला चिकटून बसली आणि पहिल्या घासापासून सगळं सांगू लागली.

तात्पर्य: चकाकतं ते घरात आणण्याआधी शेजारच्या मावशीला दाखवावं, आणि आपल्याला नको झालेलं विष असं कुठेही टाकू नये, कारण जिथे कुणी नाही असं आपल्याला वाटतं, तिथेही कुणाचं तरी घरटं असतं.