ठकूचा पागोटे-सिद्धान्त

“एक महिना! एका महिन्यात तुझं नाव दरबारच्या पोथ्यांत शंभर वेळा आलं पाहिजे. नाही आलं, तर तू आणि तुझा तो वैद्य, दोघांनी करंजगडाची वेस ओलांडायची!”

भानुदत्त राजा असं म्हणाला आणि सगळा दरबार खदखदून हसला. ठकू तेवढी हसली नाही. ती निळोबा वैद्यांकडे पाला कुटणारी बाई. बरण्यांवर चिठ्ठ्या लावता लावता अक्षर शिकली, एवढीच तिची विद्या.

झालं होतं असं. राजाला विद्वान पदरी बाळगायची भारी हौस, आणि वाचायचा त्याहून भारी कंटाळा. म्हणून त्यानं सोपा नियम काढला होता. ज्याचं नाव दुसऱ्यांच्या पोथ्यांत जास्त वेळा येईल, तो मोठा! एक कारकून पोथीशाळेत बसून दिवसभर नावं मोजायचा. मग काय विचारता! “तुम्ही माझं नाव चारदा घ्या, मी तुमचं पाचदा घेतो,” असे करार ओट्याओट्यावर होऊ लागले. कढीपत्त्यावर अडीच पानांची पोथी निघाली, तिला कर्ते एकोणीस! त्यातल्या एकानं फक्त वारा यावा म्हणून खिडकी उघडली होती. पहिल्या आसनावर विराजमान होते विश्वंभरशास्त्री. डोक्यावर गाडीच्या चाकाएवढं पागोटं.

निळोबांना ही देवाणघेवाण कधी जमली नाही. तीस वर्षं रानोमाळ हिंडून त्यांनी तापावरच्या पाल्यांची एकच पोथी लिहिली. तिचा पाला घेऊन सगळं गाव बरं व्हायचं, पंडितसुद्धा. पण तिचं नाव कुणी घेत नसे. आजवर उल्लेख अवघे तीन! तेव्हा राजानं हुकूम काढला, की निळोबांची औषधी बाग विश्वंभरशास्त्र्यांना झोपाळा टांगायला द्यावी.

ठकूच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “महाराज, असं मोजलंत तर माझ्यासारखी पाला कुटणारीही महापंडित ठरेल!” ती भर दरबारात बोलून गेली. त्यावर राजानं घातलेली ही अट.

घरी निळोबा बरण्या बांधायला लागले होते.

“कशाला बोललीस, ठकू? मी गेलो असतो मुकाट.”

“बुवा, एक सांगा. हे पंडित चांगल्या पोथीबद्दल काय लिहितात?”

“काही नाही. गुपचूप वापरतात.”

“आणि पटलं नाही तर?”

“मग खंडन लिहितात! त्याची रीतच आहे. आधी ज्याचं खोडायचं त्याचं नाव घ्यायचं, त्याचं म्हणणं मांडायचं, मग खोडायचं. दर मुद्द्याला नाव.”

ठकूच्या हातातला बत्ता थांबला. “त्या बरण्या सोडा, बुवा!” ती म्हणाली आणि मोळ्या बांधायची दोरी कमरेला खोवून बाहेर पडली.

पंडित नदीत उतरले, की पागोटी घाटाच्या पायरीवर असत. ती तिनं त्या दोरीनं मोजली. डोक्यांची मापं गावच्या न्हाव्यानं हसत हसत दिली. चौथ्या दिवशी पोथीशाळेत अर्ध्या पानाची पोथी दाखल झाली: ‘पागोटं जितकं मोठं, तितकं आतलं डोकं लहान. चाळीस पागोटी आणि चाळीस डोकी मोजून पाहिली. सर्वांत मोठं पागोटं विश्वंभरशास्त्र्यांचं. पुढचं वाचणाऱ्यानं समजून घ्यावं. — ठकू, पाला कुटणारी.’

पोथीशाळेत नुसता गदारोळ! विश्वंभरशास्त्र्यांनी त्याच दिवशी खंडन लिहिलं. ‘ठकू म्हणते की’, ‘ठकूचे हे म्हणणे’, ‘ठकूस हे ठाऊक नाही’... एका खंडनात अकरा वेळा ठकू! दुसऱ्यानं लिहिलं, शास्त्रीबुवांनी ठकूला नीट खोडलंच नाही. लहान पागोट्याच्या एका पंडिताला ठकूचं म्हणणं फारच पटलं, म्हणून त्याचंही खंडन झालं. एक म्हातारे पंडित तेवढे सावध होते. ठकूचं नाव घेण्यातला धोका त्यांनी ओळखला आणि ‘ठकूचे नाव का घेऊ नये’ अशी पोथी लिहिली. तीत ते चौदा वेळा आलं.

महिना संपला. कारकुनानं दरबारात वही वाचली. “विश्वंभरशास्त्री, त्रेचाळीस. ठकू... तीनशे सतरा!”

“पण महाराज,” शास्त्रीबुवा किंचाळले, “सगळ्यांनी तिला मूर्ख म्हटलं आहे!”

“कारकूनदादा,” ठकूनं विचारलं, “तुमच्या वहीत मूर्खाला वेगळा रकाना आहे का हो?”

“नाही बाई. नाव आलं, की एक रेघ.”

“मग पहिलं आसन माझं! सरका, शास्त्रीबुवा!”

राजानं ओठ चावून हसू दाबलं. “असं असेल तर खरा विद्वान ओळखायचा तरी कसा गं?”

“त्या तीनशे सतरांत एक उल्लेख जुना आहे, महाराज. माझ्या कामाबद्दल, खराखुरा. तो कोणत्या पोथीत आहे, ते यांच्यापैकी कुणीही सांगावं. सांगितलं, तर मी आज वेस ओलांडते.”

चाळीस पागोटी एकमेकांकडे वळली.

“निळोबांच्या पोथीत!” ठकू म्हणाली. “पहिल्याच ओळीत लिहिलंय, ‘यातला निम्मा पाला ठकूने ओळखला.’ पाला सगळ्यांनी घेतला, महाराज. पहिली ओळ कुणी वाचली नाही!”

आता मात्र राजाला हसू आवरेना. तो इतका गदगदून हसला, की त्याचं स्वतःचं भलंमोठं पागोटं घरंगळून थेट ठकूच्या पायाशी आलं. ठकूनं कमरेची दोरी काढली.

“नको, नको!” राजा दोन्ही हातांनी डोकं झाकत ओरडला. “बाग निळोबांची! पहिलं आसन निळोबांचं, त्याला लागून दुसरं तुझं! आणि विश्वंभरशास्त्री ती पोथी मला रोज वाचून दाखवतील, पहिल्या ओळीपासून! पण ती दोरी आधी खाली ठेव!”