वाढप्याची पाळी

एकदा एका वैद्यशाळेच्या पंगतीत मोठा हशा पिकला. पुष्कळ वर्षे लोटली, तरी वृद्ध आचार्यांच्या कानात तो अजून होता. त्या दिवशी एका शिष्याचे औषध फसले, म्हणून त्यांनी थट्टेने त्याच्या हाती आमटीचे भांडे दिले होते. तेव्हापासून रीतच पडली. ज्याचे औषध लागू पडेल, त्याचे पान आचार्यांशेजारी. ज्याचे फसेल, त्याने वाढायचे. "आमटी तरी लागू पडू दे रे बाबा!" असे म्हणत सगळे त्याला छळत.

पुढे नदीकाठच्या गावांत तापाची साथ आली. त्र्यंबक नावाच्या शिष्याच्या काढ्याने ताप हटतो असे ठरले, आणि काढ्याच्या भरडीची पोती गाडीत चढली; सोबत थोरला शिष्य दामोदर याच्या खोकल्यावरच्या चाटणाच्या बरण्याही. गाडी निघणार, त्याआधी पंगत बसली. इतक्यात दामोदर तणतणत आला.

"गुरुजी, याच्या रुग्णांचा ताप उलटलाय. आत्ताच पाहून आलो. याला ते ठाऊक होतं! हाकला याला."

त्र्यंबकची मान खाली गेली. "खरं आहे. सांगायची लाज वाटली."

आचार्यांनी ती पोती उतरवायला लावली. मग त्र्यंबकला आपल्या शेजारी बसवले, उपरणे कमरेला खोचले आणि ते स्वतः आमटी वाढू लागले.

"लबाडाला मानाचं पान?" आपल्या पानावर बसता बसता दामोदर चिडला.

"आत्ता खरं बोलला, त्याचं पान आहे ते. लबाडीचं प्रायश्चित्त जेवल्यावर. त्या रुग्णांच्या दारी तो स्वतः जाईल," आचार्य सावकाश म्हणाले. "आणि मी वाढतोय, कारण माझंच औषध फसलं. पोरांनी नेटानं काम करावं म्हणून मी ही रीत घातली. पोरं नेटकी झाली नाहीत, भित्री झाली. वर्ष झालं, आमटी आचारीच वाढतोय; एकाही शिष्यावर पाळी आली नाही. रोग इतके शहाणे झाले का रे? खोटं त्र्यंबक बोलला खरा. पण खरं बोलणं इतकं महाग कुणी केलं? आपणच, हसून हसून."

आमटी वाढत ते पुढे सरकले.

"आणखी कुणाला काही सांगायचंय? आज कुणी हसणार नाही."

दामोदरच्या चाटणाच्या बरण्या अजून गाडीतच होत्या. आचार्य त्याच्या पानाशी येऊन वाकले. दामोदरने त्यांच्याकडे पाहिले, पानावरून उठला, आणि आपल्या बरण्या उतरवायला गाडीकडे चालू लागला.