पहिल्या फेरीला सुतार

खाडीतून तेलाची नळी जाणार हे कळल्यापासून कोळीवाड्यात कुणाचं चित्त ठिकाणावर नव्हतं. एकदा तेल गळलं की खाडीतली मासळी संपली. कंपनीनं बोलावलेल्या सभेतही म्हातारा पोशा नाखवा सारखी उठबस करत होता.

कंपनीचे सबनीस साहेब नळीचा नकाशा पसरून म्हणाले, "नळी पन्नास वर्षं गळणार नाही. आणि काय हो नाखवा, तुमच्या होड्या आता वाऱ्यावर चालतात का? डिझेल लागतंच ना?"



"लागतं की," पोशा म्हणाला. "तेलाशी आमचं वैर नाही. पण आमच्यात रीत आहे. नव्या होडीच्या पहिल्या फेरीला ती बांधणारा सुतार आपली पोरंबाळं घेऊन बसतो, मगच आम्ही पाय ठेवतो. तुमची नळी आधी तुमच्या कॉलनीच्या तलावातून न्या. नकाशात तिथं उगाच वळसा दिसतोय."

"भलतंच काय!" साहेब ओरडले. "ते आमचं प्यायचं पाणी आहे!"

"असू दे की. गळणार नाही ना?"

साहेबांनी नकाशा गुंडाळला. पुढच्या नकाशात खाडीलाही वळसा होता.