शनिवारी दोर नसलेली घंटा

सांबरोलीच्या खाडीकाठच्या चर्चला मनोरा नाही. दाराशेजारी दोन उंच सागवानी खांब, त्यांवर आडवी तुळई आणि तुळईला टांगलेली मोठी काशाची घंटा. शुक्रवारी दिवस मावळण्यापूर्वी तिचा दोर सोडून आत टेबलावर ठेवतात आणि तो परत चढतो शनिवारी दिवे लागल्यावर. मधल्या वेळात गावावर आभाळ कोसळले तरी घंटा वाजत नाही. लग्न शनिवारी धरत नाहीत. मरण मात्र कोणाच्या सांगण्याने थांबत नाही, तेव्हा शनिवारी मातीला जाणाऱ्या माणसाची घंटा होत नाही.

चर्चची किल्ली सांभाळणाऱ्या मार्थाबाई कसबे आता ऐंशीला टेकल्या आहेत. आलेल्या पाहुण्यांना बाहेरच्या कट्ट्यावर बसवून त्या याची हकीकत सांगतात. त्यांनी ती सासूकडून ऐकली, सासूने तिच्या सासूकडून. खरे-खोटे देव जाणे, असे त्या आधीच सांगून टाकतात आणि मग कोणी शंका काढली तर रागावतात.

त्या काळी सांबरोलीत ख्रिस्ती घरे जेमतेम सात. तेलीआळी मात्र माणसांनी भरलेली. तिथे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी लोक राहत. ते घाणा चालवीत, तेल विकीत आणि शनिवारी बैलाच्या मानेवर जू ठेवीत नसत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. त्यांचे पूर्वज गलबत फुटून या किनाऱ्याला लागले, जवळच्या पोथ्या बुडाल्या, पण शनिवार काही बुडाला नाही, असे सांगतात.

अशा गावात नगरकडून हरिबा वाघचौरे नावाचे उपदेशक आले. सोबत पत्नी सगुणाबाई. दोघेच आले, कारण दोन लेकरे देवीच्या साथीत एकाच आठवड्यात गेली होती. दुसऱ्या लेकराच्या खड्ड्यापाशी सगुणाबाई उठेना, तेव्हा हरिबांनी तिला सांगितले होते, "देवानं शब्द दिलाय. पोरं तुला परत भेटतील." त्या एका वाक्यावर बाईने नऊ वर्षे काढली. रोज संध्याकाळी ती दोघांची नावे घेई आणि म्हणे, "भेटू."

हरिबा माणूस सरळ, पोटात कपट नाही, पण जिभेला लगाम नव्हता. ज्यांना देवाने पहिले वचन दिले तेच लोक घंटा ऐकू जाईल इतक्या जवळ राहतात आणि आपल्या चर्चची पायरी चढत नाहीत, हे त्यांना सलत असे. मग त्यांनी शनिवारी सकाळीच घंटा वाजवायला सुरुवात केली, तीही नेमकी तेलीआळीतली प्रार्थना चालू असताना. घंटा झाली की आळीच्या तोंडाशी उभे राहून सांगायचे, "तुमचा करार आटोपला. वतनदार नालायक निघाला तर धनी वतन काढून दुसऱ्याला देतो. ते वतन आता आमच्याकडं आलंय." उचलली जीभ लावली टाळ्याला, असे मार्थाबाई इथे हमखास म्हणतात.

आळीतल्या लोकांनी बरेच शनिवार ऐकून घेतले. एके दिवशी त्यांचे वडीलधारे एसाजी सांबरोलीकर प्रार्थना आटोपून समोर आले.

"मास्तर, एक विचारू?" ते म्हणाले. "आमच्या बापाला, अब्राहामाला, देवानं वचन दिलं. पिढ्यान्‌पिढ्या टिकेल असं दिलं. हे तुम्हीही मानता ना?"

"मानतो."

"ते त्यानं मोडलं म्हणता. मग तुम्हाला दिलेलं तो पाळील, हे कशावरून?"

"तुम्ही अविश्वासू निघालात म्हणून मोडलं."

"निघालोही असू," एसाजी म्हणाले. "तुम्ही कधीच निघणार नाही?"

 हरिबांनी हसून काहीतरी बोलून वेळ मारून नेली आणि ते घराकडे वळले. तेव्हा त्यांना दिसले की आळीच्या कडेला सगुणाबाई उभी आहे. नवऱ्याला बोलवायला ती आली होती आणि तिने सगळे ऐकले होते. त्या संध्याकाळी तिने मुलांची नावे घेतली, पण "भेटू" म्हणाली नाही. पुढच्या संध्याकाळीही नाही.

महिनाभराने तिला ताप भरला. औषध झाले, काढे झाले, ताप उतरेना. बाई वाळत चालली. एका गुरुवारी तिने हरिबांचा हात धरला.

"अहो, त्या बाबांनी विचारलं त्याचं उत्तर काय? त्यांचं वचन मोडलं असेल, तर माझी लेकरं मला भेटतील हे कशावरून?"

 ज्या तोंडाने हरिबांनी तिला जगवले होते, त्याच तोंडाने तिचा आधार काढून घेतला होता. खोटा धीर द्यायला त्यांचे मन धजेना. ते एवढेच म्हणाले, "बघून सांगतो."

दोन दिवस त्यांनी शास्त्राचे पान अन् पान उलटले. पूर्वी शंभरदा वाचलेले, पण घाईने ओलांडलेले एक ठिकाण शनिवारी उजाडता उजाडता त्यांच्या डोळ्यांत भरले. देवाने आपल्या पहिल्या लोकांना टाकून दिलेले नाही. तो दिलेले दान परत घेत नाही. रानफांदीचे कलम चांगल्या झाडावर बसले म्हणून तिने मुळापुढे तोरा मिरवू नये, कारण मूळ फांदीच्या आधाराने जगत नसते. हरिबा ढसाढसा रडले, म्हणे. आपण इतकी वर्षे मुळावरच घाव घालत होतो, हे त्यांना तेव्हा कळले.

आणि इथेच त्यांची चूक झाली. उत्तर बायकोला सांगायला एक क्षण पुरला असता. पण हरिबांच्या मनाने घेतले की जिथे खोटे बोललो, तिथे आधी ते मागे घ्यावे, मगच ते उत्तर तिच्यापुढे उच्चारायचा आपल्याला अधिकार. अंथरुणाशी वाकून ते म्हणाले, "सगुणा, उत्तर सापडलंय. आलोच मी." तिने मान हलवली. त्यांनी बाहेर येऊन, खांबावर चढून घंटेचा दोर सोडला आणि तो खांद्यावर टाकून मिठागरांच्या बांधावरून तेलीआळीकडे निघाले. आदल्याच दिवशी त्यांनी शेजारच्या बायजाबाईला सांगून ठेवले होते, की मी नसताना हिचं काही कमीजास्त झालं तर घंटा वाजवा, असेन तिथून येईन. दोर सोडताना ते त्यांच्या ध्यानातही आले नाही.

आळीत प्रार्थना चालू होती. आजवर प्रत्येक शनिवारी जी मोडली ती आज मोडायची नाही, म्हणून हरिबा बाहेर उन्हात थांबून राहिले.

इकडे सगुणाबाईचा श्वास लागला. बायजाबाई धावत घंटेपाशी गेली, तर दोर नाही. घंटा हाताला येईना. तिने काठी शोधली, हाका मारल्या, पण माणसे कामाला गेलेली. शेवटी ती तशीच बांधावरून पळत सुटली. अंथरुणापाशी तेव्हा कोणीच नव्हते.

प्रार्थना संपून लोक बाहेर आले. हरिबांनी दोर पायरीवर ठेवला आणि हात जोडले. "मी तुमच्या दारात खोटं बोललो. देवानं तुमचं वचन मोडलेलं नाही. हा दोर शनिवारी परत चढणार नाही, मी आहे तोवर नाही आणि माझ्यामागंही नाही. देवासमोर शब्द देतो." एसाजी पुढे होऊन काही बोलणार, तोच बायजाबाई धापा टाकत आली. तिला काही सांगावे लागले नाही.

हरिबा पोचले तेव्हा सगुणाबाई गेलेली होती. ते तिच्या कानाशी बसले आणि उत्तर सांगू लागले. एकदा सांगितले, दोनदा सांगितले, बायका त्यांना उठवीपर्यंत सांगतच राहिले.

उन्हाळ्याचे दिवस, माती संध्याकाळच्या आत द्यायला हवी होती. सात घरांची माणसे म्हणाली, दोर आणतो, बाईची घंटा तरी होऊ द्या. हरिबा नको म्हणाले. "आत्ता दिलेला शब्द मीच मोडला, तर देव शब्द मोडत नाही हे तिला कोणत्या तोंडानं सांगितलं मी?" सगुणाबाई घंटेविना निघाली. मागून तेलीआळी चालत आली. त्यांचा विसाव्याचा शब्बाथ होता, त्यांना खांदा देता आला नाही, पण माती होईपर्यंत एकही जण हलला नाही. हरिबांचा दोर दिवसभर त्यांच्या पायरीवर पडून होता. दिवे लागल्यावर एसाजींनी तो स्वतः आणून दिला.

दोघे पुढे पुष्कळ वर्षे शेजारी राहिले. देवाने कबूल केलेला तारणारा, मसीहा, आला, असे हरिबा अखेरपर्यंत सांगत. अजून यायचा आहे, असे एसाजी अखेरपर्यंत म्हणत. पण शनिवारी घंटा झाली नाही.

पुढे तेलीआळीतली घरे एकेक करून इस्राएलला गेली. घाणे गेले, बैल गेले, आळीत आता रानतुळस माजली आहे. मध्यंतरी नवे पाळक आले. ऐकायला कोणी उरले नाही, मग दोर कशाला उतरवता, असे त्यांनी एका सकाळी विचारले. मार्थाबाईंच्या यजमानांना त्याच दुपारी माती द्यायची होती आणि वार शनिवार होता. "शब्द देवासमोर दिलाय, पाळकसाहेब," त्या म्हणाल्या. "देव कुठं गेलाय का?" त्यांचे यजमानही घंटेविनाच गेले. 

आजही सांबरोलीत कोणी ख्रिस्ती माणूस अंथरुणाला खिळला की घरातले कोणीतरी त्याच्या कानाशी वाकून सांगते, "देवानं त्यांचं वचन मोडलं नाही, तुमचंही मोडणार नाही." आजाऱ्याने विचारण्याची कोणी वाट पाहत नाही. हातातले काम टाकून, उजाडले असेल नसेल, ऐकू जात असेल नसेल, आधी ते सांगतात आणि मगच कोणी घराबाहेर पडते.